डोळा चांगला आहे

गाझियाबाद, २ मार्च

सौ. इंदुमतीस आशीर्वाद.

मोतीबिंदू काढलेला डोळा चांगला आहे, काळजी करू नकोस. खोकला आहे, पण तो इथल्या हवेचा.

आपली शिवांगी कीटक किती कमी झाले ते मोजते, तुला ठाऊकच आहे. तिने मलाही बागेतला एक चौकोन नेमून दिला. रोज सकाळी दहा मिनिटं तिथल्या फुलांवर माश्या, फुलपाखरं किती बसली ते वहीत लिहायचं. मला एकही दिसेना. ऑपरेशन फसलं, अशी धास्तीच बसली. नातीला पुन्हा दवाखान्याचे हेलपाटे नकोत, म्हणून तीन आठवडे मी अंदाजाने पाच, सहा असं लिहीत राहिलो.

काल ती म्हणाली, "वा आबा, बढिया! पाच वर्षांत इथे किती वाढायला हवेत, ते आता याच आकड्यांवरून ठरेल."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. आज स्वतः शेजारी येऊन बसली.

दहा मिनिटांनी म्हणाली, "आबा, तुमचा डोळा ठीक आहे. इथे खरंच काही नाही." माझी पानं खोडून तिने आजच्या रकान्यात शून्य लिहिलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट फार थकल्यासारखं झालं.

गुडघ्याला तेल लावतेस ना? परसातल्या शेवग्यावर भुंगे येतात का, दहा मिनिटं बसून बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून आकडा वाढवून लिहू नकोस.

तुझा,
ज्ञानोबा