जुळवणीतली सातवी ओळ

सर,

नऊ जून, सोमवार, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. तुमच्या ऑफिसात त्या वेळी जे झालं त्याला मी चूक म्हणणार नाही, तो खोटेपणा होता. तो किती वाजता झाला हे मी मिनिटासकट सांगू शकते, कारण प्रुफाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ घालायची सवय तुम्हीच मला लावली होती. वर्ष लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि ही बाई आता भांडायला उठली, म्हणून हसू नका. त्या खोटेपणाचं पुढं काय झालं ते मला कळलंय तीन आठवड्यांपूर्वी, तेव्हा माझ्यापुरतं हे भांडण ताजं आहे.

टिळकवाडीत सायकलच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या, तीन टेबलं, पाच माणसं. मी नोकरीला लागले तेव्हा जाहिरात म्हणजे चटपटीत वाक्यं अशी माझी समजूत होती. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी माझ्या इंग्रजी निबंधांवर दिलेले शेरे मी पर्समध्ये घालून आणले होते. तुम्ही ते वाचलेही नाहीत. एका साडीच्या दुकानाचा आषाढ सेलचा मजकूर पुढे सरकवलात आणि विचारलंत, "बाई, स्टॉक संपेपर्यंत असं लिवलंय. खरंच संपणार हाय, का ह्यो आपला दरवर्षीचा?" मला कसं ठाऊक असणार, मी म्हटलं. "मग जाऊन बघून या की." पावसात छत्री घेऊन मी खडे बाजारात गेले आणि साड्यांचे गठ्ठे मोजून आले. तुम्ही ती ओळ काढून टाकलीत, दुकानदार चिडला आणि मला तुम्ही आवडलात. लहान एजन्सीत काम करणं म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. मजकूर लिहिणारी मी, फोन उचलणारी मी, गिऱ्हाइकाला चहा सांगणारी मी, आणि माणूस कमी पडला की बॅनरचं दुसरं टोक धरून स्टुलावर चढणारीही मीच. मोर्च्यात कुणाच्या नुसत्या मराठी बोर्डावर काळं फासलं गेलं की दुसऱ्या दिवशी तो दुकानदार आपल्याकडे यायचा आणि आपण त्याला नवा बोर्ड लिहून द्यायचो, वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक. तुमचं तोंड तेव्हा कडू व्हायचं, पण अक्षर सुबक यायचं.

कन्नड मला तुम्ही शिकवलंत. पहिल्या दिवाळीला बाकीच्यांना मिठाईचे डबे दिलेत आणि माझ्या हातात पहिलीच्या मुलांची कन्नड अंकलिपी ठेवलीत. मी भडकले होते. चाळिशीला आलेल्या बाईला अंकलिपी. "लई इंग्लिश येतंय तुमाला," तुम्ही म्हणालात, "पण गिऱ्हाईक काय म्हणतंय त्ये शेजाऱ्याला विचारून कळणार असंल तर तुमचा काय उपयोग?" मग रोज डबा खाताना खिडकीतून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या, चुकलं की तुम्ही भाकरीच्या तुकड्यानं अक्षर हवेत गिरवून दाखवायचात. सहा महिन्यांत मी जुळवणीला बसायला लागले.

जुळवणी हा शब्द मी दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात ऐकला नाही. काहीही छापायला जाण्याआधी दोघांनी समोरासमोर बसायचं. मी मराठी ओळ मोठ्यानं वाचायची, तुम्ही तीच ओळ कन्नडमधून वाचायची. दोन्हींचा अर्थ जुळला की तुम्ही म्हणायचात, "मुंदे." म्हणजे पुढे. मराठी बोलणारा माणूस तेवढा एक शब्द कन्नडमधून म्हणायचा. अर्थ जुळला नाही की बोट टेबलावर आपटायचं आणि सगळं परत पहिल्यापासून. एका भाषेला एक आणि दुसऱ्या भाषेला दुसरं सांगायचं नाही, हे तुमचं व्रत होतं. सीमेवरच्या या दोन भाषांच्या गावात ते पाळणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे, म्हणून तर मी तुम्हाला मानत होते.

आणि मग निपाणीचा तो संस्थाचालक आला. पांढरा सफारी, हातात किल्ल्यांचा जुडगा. नर्सिंगचा कोर्स काढला होता त्यानं, दोन वर्षांचा, वर्तमानपत्रात घालून वाटायला गुलाबी हँडबिल हवं होतं, मराठीत वेगळं आणि कन्नडमध्ये वेगळं. त्याला 'मान्यताप्राप्त' हा शब्द पाहिजे होता. मान्यता मिळालेली नव्हती, नुसता अर्ज केला होता. तुम्ही नाही म्हणालात. तो म्हणाला, "मग पोरी येत्यात कशाला?" तुम्ही परत नाही म्हणालात. आणि थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणालात, "टाईप करा बाई." मी टाईप केलं. मराठीत 'मान्यताप्राप्त', कन्नडमध्ये 'मान्यतेगागी अर्जी सल्लिसलागिदे', म्हणजे मान्यतेसाठी अर्ज केला आहे. पाच चाळीसला आपण जुळवणीला बसलो. सातव्या ओळीला मी मराठी वाचलं, तुम्ही कन्नड वाचलंत. मी तुमच्या बोटाकडे बघत होते. बोट हललं नाही. तुम्ही म्हणालात, "मुंदे."

तीन आठवड्यांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात डोळ्यात थेंब घालायला एक बाई यायची, चाळिशी ओलांडलेली, हात हलका. सगळे तिला सिस्टर म्हणत. "आक्का, वर बघा. डोळा चोळायचा न्हाय हं, पोरीगत." मी म्हटलं, मी पोरीसारखी कधीच वागले नाही. "त्ये दिसतंयच की," ती म्हणाली. मला ती आवडली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, रिटायर व्हायच्या आधी काय करत होता. मी सांगितलं. तिचा हात थांबला. "टिळकवाडीतलं ऑफिस? सायकल दुकानावरचं? आक्का, म्या दोनदा जाऊन आले तिकडं. तिथं आता जिम झालीया."

ती तुम्हाला शोधत होती, सर. हँडबिलाच्या तळाशी बारीक अक्षरात आपल्या ऑफिसचं नाव होतं, तेवढं तिच्या लक्षात राहिलं होतं. तिची आई निपाणीत विड्या वळायची. "आईला वाचाय येत नव्हतं. म्याच वाचून दाखवलं. मान्यताप्राप्त म्हंजे काय गं, तिनं विचारलं. मला तरी कुठं ठावं हुतं? म्या म्हटलं, सरकारी असंल. मग म्हणाली, जा." कोर्सला मान्यता शेवटपर्यंत मिळाली नाही. संस्था पाच वर्षांत बंद पडली. हिला मात्र सर्टिफिकेट मिळालं होतं, मोठा शिक्का मारलेलं, आणि या डोळ्यांच्या दवाखान्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला त्यावर ठेवून घेतलं. एकोणीस वर्षं ती तिथं नर्स आहे. आता दवाखाना विकला गेला, नवे मालक आले, त्यांनी सगळ्यांचे कागद मागितले. हिचं सर्टिफिकेट बोगस निघालं. नुसतं कामावरून काढून ते थांबणार नाहीत. तिनं जाणूनबुजून खोटा कागद दाखवला असं त्यांचं म्हणणं आहे, पोलिसांत देऊ म्हणतात. मजूर खात्याकडे सुनावणी आहे. आणि पुरावा म्हणून त्यांनी काय आणलंय, ठाऊक आहे? आपलंच हँडबिल. संस्थेनं सरकारी फाइलला जोडलेली कन्नड प्रत. "बघा," त्यांचा वकील म्हणतो, "जाहिरातीतच स्पष्ट लिहिलं होतं, फक्त अर्ज केला आहे. हिला सगळं माहीत होतं."

मराठी प्रत कुणाकडेच नाही. तिच्या आईनं ती बरीच वर्षं पत्र्याच्या डब्यात जपली होती, मग एका पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं. ऑफिसची रद्दी तुमच्या मागं विकली गेली, मीच टेम्पोत भरून दिली. त्या हँडबिलात मराठीत काय होतं हे सांगणारं माणूस म्हणून आता मीच उरले आहे. "तुमी लिहून द्याल का, आक्का?" तिनं विचारलं. विनवणीचा सूर नव्हता. थेंबाची बाटली बंद करता करता विचारलं, आणि परत म्हणाली, "डोळा मिटून ठेवा."

मी हो म्हटलं. तिच्या वकिलानं निवेदन टाईप करून पाठवलंय. त्यात वाक्य आहे: 'सदर शब्द एजन्सीच्या मालकांच्या सांगण्यावरून मराठी मजकुरात घालण्यात आला.' वाक्य चोख आहे. तुम्ही सांगितलंत, मी टाईप केलं. एवढ्यावर सही केली की ती सुटेल आणि मीही सुटेन. तुमच्याकडून खुलासा येण्याची भीती नाही. चार दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात एवढं बोलले की शेजारीण विचारायला आली, कुणाशी भांडताय. व्रतं पाळणारा माणूस एका सफारीवाल्यापुढे वाकला, मला मान खाली घालायला लावली, आणि स्वतः जाऊन फोटोत बसला. हे सगळं मी या पत्रात लिहिणार होते. बरंचसं लिहिलंही आहे.

पण मगाशी मी म्हटलं ना, 'थोड्या वेळानं' तुम्ही 'टाईप करा' म्हणालात. त्या थोड्या वेळात काय झालं ते मी वर गाळलं. तुम्ही दुसऱ्यांदा नाही म्हणालात आणि खुर्ची मागे सरकवलीत. मला ती खुर्ची सरकवण्याची पद्धत माहीत होती. गिऱ्हाइकाला जिन्यापर्यंत सोडायला निघताना तुम्ही ती तशीच सरकवायचात. आणि मी, मान वर न करता, स्क्रीनकडे बघत बोलले. माझी जीभ तुम्हाला ठाऊकच होती. मी म्हणाले, "घाला की मराठीत. तपासायला येणारा साहेब मराठी कशाला वाचतोय? कन्नडात खरं लिहा, म्हणजे पाप निम्मंच." मला टोमणा मारायचा होता, त्यालाही आणि तुम्हालाही. तो माणूस मांडीवर थाप मारून हसला, "बाई लई हुशार हाय हो तुमची." तुम्ही हसला नाहीत. खुर्ची परत पुढे आली. दोन्ही भाषांत खोटं छापलं असतं तर आज दवाखान्याच्या वकिलाच्या हातात काही नसतं. दोन्हींत खरं छापलं असतं तर ती पोर घरीच राहिली असती. निम्मं करायची अक्कल माझी.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि हे पत्रही कुणाला पाठवायचं नाही. पाठवणार कुठं? पण पत्र लिहिलं की उत्तराची मुदत घालायची, हेही तुम्हीच शिकवलंत. तेव्हा विचारते. मी बोलले नसते तर तुम्ही त्याला जिन्यापर्यंत सोडून आला असता का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. उत्तर लेखी हवं, तुमच्या अक्षरात, स्वप्नात येऊन सांगितलेलं मी धरणार नाही. सुनावणी गुरुवारी सकाळी साडेदहाला आहे. तुमचं उत्तर बुधवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं तर तुमचं उत्तर 'हो' आहे असं मी समजेन, त्या वाक्यातलं 'मालकांच्या सांगण्यावरून' खोडीन आणि तिथं 'माझ्या सूचनेवरून' लिहून सही करीन. पाच वाजेपर्यंत, सर. पाच वाजून एक मिनिटानंतर आलेलं काहीही मी उघडणार नाही.