हाताला न पुरलेली बटणे

मिस्त्री,

तुम्हाला वाचता येत नव्हते, म्हणूनच हे लिहिण्याचा मला धीर झाला. तुम्ही असतात तर हा कागद माझ्याच हातात परत देऊन "वाच" म्हणाला असतात, आणि मी त्यातील अर्धे गाळून वाचले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली की तुमच्या गॅरेजच्या जागी उभी राहिलेली इमारतसुद्धा आता जुनी दिसू लागली आहे. मी स्वतः तुमच्या वयाच्या पुढे गेलो आहे. दुकान माझे आहे, पाटीवरील अक्षर माझे आहे. गाडीला संगणक लावून दोष शोधण्याचे काम मुलगा करतो. डॅशबोर्डमध्ये जादा बटणे बसवण्याचे काम मात्र मी अद्याप कोणाला देत नाही. रत्नागिरीत हे काम माझ्यासारखे कोणी करत नाही, असे लोक म्हणतात. मी आजवर त्यांना तसे म्हणू दिले.

तुमची पद्धत मला कधीच आवडली नाही, हे आधी सांगतो. ट्रक आला, ड्रायव्हरला धुक्याचे दिवे किंवा केबिनमध्ये पंखा हवा असला, की तुम्ही ड्रिलला हातही लावत नसा. त्याला त्याच्या जागेवर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, डाव्या हातात खडूचा तुकडा द्यायचा आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारत राहायचे. यंदा मोहोर कसा आहे, धाकट्या बहिणीचे जमले का, सासुरवाडीला शेवटचा कधी गेला होतास. माणूस बोलण्यात रंगला की तुम्ही एकाएकी ओरडत असा, "धुकं आलं!" त्याचा हात दचकून पुढे जाई आणि खडू जेथे टेकेल तेथे भोक. भोंग्याचे बटण असेल तर "म्हैस आली!" सगळे गॅरेज हसे, ड्रायव्हरही हसे. मग बटणांच्या दांड्यांना तुम्ही मासेमारीच्या जाळ्याचा दोरा गुंडाळत असा, एकीला थोडा, दुसरीला अधिक, म्हणजे न पाहता बोटाला कळावे. काम संपले की ती बटणे एक वर, एक खाली, एक कोपऱ्यात, अशी दिसत, जणू कोणी लांबून दगड मारून ती बसवली आहेत. मला त्याची लाज वाटे. मी चौथी पास होतो. वहीत समास सोडून लिहिणारा मुलगा होतो. काम व्यवस्थित दिसले पाहिजे, असे माझे मत होते आणि ते मत मी लपवीत नसे.

तो एक दिवस मला अजून समोर दिसतो. तुम्ही जेवायला घरी गेला आहात आणि एका ट्रकचे काम माझ्यावर सोपवले आहे. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत बसला आहे. त्याला बोलावण्याची मला गरज वाटत नाही. मी दोरा धरून डॅशबोर्डच्या पत्र्यावर सरळ रेघ आखतो, सारख्या अंतरावर भोके पाडतो, बटणे बसवतो आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगाने, बारीक कुंचल्याने लिहितो: पुढील दिवे, पंखा, हौद्यातील दिवा. अक्षर असे उतरते की मीच थोडा मागे सरून ते पाहतो. तुम्ही परत येता, लुंगी आवरून पायरीवर चढता, आत डोकावता आणि अक्षरांकडे बोट दाखवता.

"काय लिवलंस हे?"

मी वाचून दाखवतो.

"बरं. आणि रातचं घाटात हे वाचायला तू जाणार हायस काय त्याच्या संगं?"

तुम्ही अंगणाकडे हात करता. आपले गॅरेज उतारावर होते, जांभ्याचा तो उतार पुढे थेट रस्त्याला मिळत असे. तुम्ही चहावाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणता, "गाडी हुबी उतारावर, नि हा मेला बटणं लेवलात लावतोय." त्यावर टपरीवर जे हसणे उठले त्याचा आवाज माझ्या कानातून कित्येक दिवस गेला नाही. मी तुमच्याशी कामापुरतेच बोलू लागलो. तुम्ही ते जाणले असावे. एके सकाळी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवलीत. गवंड्याकडे असते तशी, काचेत बुडबुडा असलेली लेव्हल होती. कोणा गवंड्याकडून मागून आणली होतीत. "घे. तुला सरळ आवडतं ना," इतकेच म्हणालात. मी ती कौतुकाची भेट समजून घेतली. खरे सांगायचे तर गेल्या महिन्यापर्यंत मी ती कौतुकाचीच समजत होतो.

तुम्ही गेल्यावर मी खडूचा डबा सर्वांत खालच्या खणात ठेवला आणि लेव्हल वरच्या खणात. पत्र्याचे डॅशबोर्ड गेले, प्लास्टिकचे आले. गिऱ्हाइकांनाही सरळ ओळ आवडू लागली. कंपनीतून आल्यासारखे दिसते, असे म्हणत. आरडाओरडा नाही, हसणे नाही, म्हैस नाही. मी ड्रायव्हरच्या जागी स्वतः बसत असे, हात लांब करून अंदाज घेत असे आणि तेथे लेव्हल धरून खुणा करत असे. माझा हात लांब आहे, हे तुम्हाला आठवत असेल. ज्यांचे हात माझ्यासारखे होते त्यांचे काही अडले नाही. ज्यांचे अडले ते मला सांगायला आले नसतील.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई पिकअप घेऊन दुकानात आली. तिचे माहेर बुरोंडीचे, सासर येथलेच. नवरा बोटीवर असतो आणि मासळी बाजारात पोहोचवण्याचे काम तिचे. गाडी ती स्वतः चालवते. अंगाने लहानखुरी, पाठीमागे घडी केलेले कांबळे ठेवून बसते तेव्हा कोठे पाय पेडलला नीट पुरतात. तिला धुक्याचे दिवे हवे होते, मासळी उतरवताना लागणारा मागच्या हौद्यातील दिवा हवा होता, पंखा हवा होता आणि गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा. बोलणे स्वच्छ होते. मी होय म्हणालो.

तिला जागेवर बसवून पाहणे आवश्यक आहे, हे मला त्याच क्षणी कळले होते. न कळण्याइतका मी अडाणी नाही. परंतु दुकानात त्या वेळी दोन ट्रकवाले चहा पीत बसले होते. परक्या बाईला "डोळे मिटून बस" म्हणणे आणि मग तिच्या अंगावर "धुकं आलं" म्हणून ओरडणे माझ्या वयाच्या माणसाला शोभणार नाही, असे मी मनाशी ठरवले. तिला बाकावर बसायला सांगितले आणि तिच्या जागी मी बसलो. तिचे कांबळे काढून बाजूला ठेवले, कारण ते माझ्या पाठीला अडत होते. डॅशबोर्डची सपाट जागा मधल्या भागाच्या पलीकडे, डावीकडे होती. तेथे चार बटणे एका ओळीत सुरेख बसली. वायरी नळीतून नेल्या, प्रत्येकीला वेगळा फ्यूज दिला, रिले पाण्यापासून दूर ठेवले. त्या बाबतीत तुम्हालाही नाव ठेवता आले नसते.

ती येऊन बसली. पाठीमागे कांबळे ठेवले, पट्टा लावला आणि हात पुढे केला. बोटे बटणांच्या अलीकडेच राहिली. खांदा वाकवून तिने एक बटण दाबले, तेव्हा दुसऱ्या हातातील स्टिअरिंग थोडे फिरले. ते मी पाहिले, मिस्त्री. ती म्हणाली, "बाबा, जरा लांब झाली काय ओ?"

मी म्हणालो, "सवय होईल."

ट्रकवाल्यांपैकी एकाने बटणांच्या ओळीचे कौतुक केले. तिने मान हलवली आणि गाडी घेऊन गेली. प्लास्टिकला पाडलेले भोक पत्र्यासारखे भरून निघत नाही. मला ते माहीत होते आणि कदाचित म्हणूनच मी तसे बोललो.

मग भाद्रपदातील एका सकाळी मी बांगडे आणायला बंदरावर गेलो. तिची गाडी उभी होती, मासळी भरून झाली होती. खिडकीतून सहज आत पाहिले तर गिअरच्या दांडीला सुतळीने अडकवलेले एक उलथणे दिसले. घावन काढण्याचे, लांब दांड्याचे, कडेने काळे झालेले. मला वाटले, बाई वाटेत काही करून खात असेल. तेवढ्यात ती आली. मी मागे होतो, तिचे लक्ष गेले नाही. तिने पट्टा लावला, उलथणे सोडवून हातात घेतले आणि घावन उलटावे तितक्या सहजपणे त्याच्या टोकाने पंख्याचे बटण दाबले. मग धुक्याच्या दिव्यांचे. न चुकता, न वाकता. तिला खरोखरच सवय झाली होती. ती घाटातून जाणाऱ्या लांज्याच्या रस्त्याला लागली. त्या दिवसांत घाटात समोरची गाडी दिसत नाही. मी मासळी न घेता घरी परतलो आणि घरी सांगितले की आज बाजारात काही बरे आले नव्हते.

त्या दिवसापासून जेवताना, हिशेब करताना, पाटीवरील धूळ पुसताना मला ते उलथणे दिसे. घाटाच्या वळणावर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात उलथणे, आणि तेही माझ्या सरळ ओळीसाठी. शेवटी मी तिला निरोप पाठवला. चूक झाली, असा निरोप नव्हता. बटणांचा तो माल खराब निघाला, बदलून देतो, काही द्यावे लागणार नाही, असा होता. माल उत्तम होता. या वाक्याची लाज मला तेव्हाही वाटली होती, तरी ते मी पाठवले.

ती आली. दुकानात या खेपेसही माणसे होती. मी ती माणसे जाण्याची वाट पाहिली नाही, एवढे माझ्या बाजूने लिहितो. खालच्या खणातून तुमचा खडूचा डबा काढला. तिला कांबळ्यासकट जागेवर बसवले, पट्टा लावायला सांगितला, खडू हातात दिला आणि डोळे मिटण्यास सांगितले. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मिटले. काय विचारावे हे मला सुचेना. तुम्हाला कसे सुचत असे कोण जाणे. मी विचारले, बुरोंडीस अलीकडे गेली होतीस का? ती आईबद्दल सांगू लागली. मग मी म्हणालो, "धुके आले."

तिने एक डोळा उघडला. "बाबा, घाटातलं धुकं इतक्या मानानं येत नाय ओ."

कोणीतरी हसले. मी तिला पुन्हा डोळे मिटायला लावले, आईची चौकशी पुढे चालू केली आणि ती बोलण्यात रंगल्यावर तुमच्यासारखा ओरडलो. इतका ओरडलो की शेजारचा टायरवाला बाहेर आला. खडू गिअरच्या दांडीच्या वर, उजवीकडे तिरका टेकला. भोंग्यासाठी "म्हैस आली" ओरडलो, तेव्हा त्याच्याही खाली. तेथे मी वेगळी पट्टी बसवली आणि तिच्यावर चारही बटणे जेथे पडली तेथे लावली, एक वर, एक खाली, एक कोपऱ्यात. दांड्यांना दोरा गुंडाळला. जुनी चार भोके रबरी बुचांनी बंद केली. ती ओळ अजूनही अगदी सरळ आहे, आणि ती गाडी असेपर्यंत तशीच दिसत राहील.

जाताना तिने बटणांवरून बोटे फिरवली आणि विचारले, "म्हंजे माल खराब नव्हता, जागा खराब होती. व्हय ना?"

मी ड्रिलची वायर गुंडाळत होतो. ती बराच वेळ गुंडाळली.

तिने उलथणे सोडवून माझ्या टेबलावर ठेवले. "आता ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. घरी मी दुसरं आणलंय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देणे सोपे गेले असते.

तुम्ही लेव्हल दिलीत तेव्हा तुम्ही हसला होतात की नाही, हे मी सारखे आठवून पाहतो. आठवत नाही. मी तेव्हा लेव्हलकडे पाहत होतो.

उलथणे मी टेबलामागील खिळ्यावर टांगले आहे, वायरीत करंट आहे का ते पाहण्याच्या तुमच्या जुन्या टेस्ट लॅम्पच्या शेजारी. गिऱ्हाइके विचारतात, हे येथे कसे? मी सांगतो, घरून चुकून आले आहे.