उशिराचं कारण

वहिनी,

वकीलबाईंबरोबर कोर्टात जातोय. अपंग पेन्शनच्या दाव्यात कागद दाखल करायला आणखी महिनाभर मुदत मागायची आहे.

तू लिहून दिलेला अर्ज घेतलाय. फक्त उशिराचं कारण म्हणून ‘दाखला वहिनीच्या हातून हरवला’ असं लिहिलं होतंस, तेवढं खोडलं. दाखला माझ्या गादीखाली होता. त्यातले ‘कायमचं अपंगत्व’ हे शब्द कुणाला दाखवायचा धीर होत नव्हता. तू घरभर शोधत राहिलीस, मी गप्प बसलो, आणि शेवटी दोषही तूच अंगावर घेतलास. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं.

खरं कारण मी डाव्या हाताने लिहिलंय. वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं.

दाखला टेबलावर ठेवलाय. त्यावर मोठ्या डॉक्टरांची सही व्हायची आहे. सहीसाठी दवाखान्यात न्यायच्या आधी तू वाच. दादालाही वाचून दाखव.

— भाऊजी