दोन हॉल आणि अर्धी अट

ती. पद्मिनीआत्यास,

आयर्लंडातल्या मेनूथहून इंद्रनीलचा साष्टांग नमस्कार. (खोलीत सातच अंगं मावतात. आठवं पोचलं असं समज.) गुडघा कसा आहे? मी बरा आहे. शर्वाणीही बरी आहे, म्हणजे हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून येते आणि झोपते. फोन केला नाही, कारण तुझ्या स्पीकरवर सगळी आळी असते.

आमच्या लग्नाचं असं झालं. तारखेसाठी नात्यातल्या एकेचाळीस माणसांना विचारायचं होतं. माझा प्रबंध नेमका ह्यावरच आहे: पुष्कळ तुकडे त्यांच्यातली नाती सांभाळून एकत्र जोडायचे. त्याला कोलिमिट म्हणतात. (कोएंडही त्यातलाच, पण त्यात प्रत्येक तुकड्याला दोन बाजू असतात, वरपक्ष-वधूपक्षासारख्या, तो सोड. शर्वाणीच्या आईवडिलांनी "तुमचं काय ते एक ठरू द्या" म्हणून आपली बाजू मिटवली आहे.) ह्या शास्त्रात एक सोय आहे. सगळे तुकडे घ्यावे लागत नाहीत. मोजके निवडले तरी उत्तर तेच येतं, फक्त उरलेल्या प्रत्येकाची वाट त्या मोजक्यांपैकी कोणाकडे तरी गेली पाहिजे. मी आपली माणसं डोळ्यांपुढे आणली. प्रत्येक जण एक तर देवदत्तकाकाचं ऐकतो, नाही तर नरेशमामाचं. दोघांनाच पत्रं टाकली आणि जेवायला गेलो.

काकाने चार डिसेंबरला साताऱ्यात हॉल घेतला. मामाने अकरा डिसेंबरला मिरजेत. आजी दोघांचंही ऐकते. तिने दोघांनाही हो म्हटलं आणि दोन पातळं काढून ठेवली. माझ्या मुंजीत मामाला सुती उपरणं मिळालं, तेव्हापासून वीस वर्षं काका-मामा एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. (मला चांदीची वाटी मिळाली होती, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं.)

त्याच आठवड्यात गाइडबाईंनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत केलं. बाई गॉलवेच्या. "ग्रँड आहे," म्हणाल्या. (इथे ग्रँड म्हणजे बरं, आणि बरं म्हणजे आता ऐक.) "फक्त प्रमेय खोटं आहे. तू अर्धीच अट तपासलीस. वाट असून भागत नाही. एकाच्या दोन वाटा असल्या, तर त्या आपसांत जोडलेल्या लागतात. नाहीतर उत्तर दोन तुकड्यांत येतं." मी आजीचं उदाहरण दिलं. बाईंनी चहा ठेवला आणि विचारलं, "त्या दोघांच्या वर कोणी आहे का, ज्याचं दोघेही ऐकतात?"

काका तुझा धाकटा भाऊ. मामाला तू आठवीत भूमिती शिकवलीस, तो अजून तुझ्यासमोर खुर्चीत बसत नाही. म्हणजे सगळ्यांच्या वाटा शेवटी तुझ्याकडे येतात. तुला एकटीला विचारलं असतं तरी चाललं असतं. सिद्धता दोन ओळींची आहे. ती मला तीन वर्षांनी सुचली.

गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
इंद्रनील

ता. क. तेव्हा तारीख तू ठरव आणि दोघांना सांग. त्यांनी भांडण मिटवलं नाही तरी चालेल. शास्त्राला ते लागत नाही.

ता. क. २. शर्वाणीने पत्र वाचलं. म्हणाली, "ह्या एकेचाळिसांत मी कितवी?" मी यादी मोजली. ती नाही. तिला रजा फक्त नऊ ते अठरा फेब्रुवारी आहे, आणि हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हा आत्या, तू अगदी स्वतंत्र विचार करून बारा फेब्रुवारी ठरव.