निषेधाची कारली

रत्नागिरी,
३ सप्टेंबर २०२४

चि. रूथ हिस,
ताईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझे फोन आले, मी एकही उचलला नाही. सगळी नोकरी पोस्टात काढलेल्या बाईकडून बातमी हवी असेल तर तिला पत्र लिहावं. फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते, आणि यांना वाटतं आपल्यामुळेच घरात भांडण लागलंय. कागदावर रडलीस तर फार तर शाई फुटेल, आवाज होणार नाही.

यांचं आहे तसंच आहे. मे महिन्यात झटका आला तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडून असतो. पाय धरून धरून थोडा उचलतात. वाचा म्हणशील तर एक अक्षर नाही. समजतं सगळं, आमटीत मीठ कमी पडलं की कपाळाला आठी पडते. पण माणूस दिवसभर माझ्याकडे बघतो आणि त्याला माझं नावसुद्धा घेता येत नाही. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात यांची हाक यंत्रांच्या आवाजातही ऐकू यायची. आपल्या चर्चच्या हंगामाच्या सणाला लोक पहिलं पीक आणून देतात, त्याचा लिलाव इतकी वर्षं यांनीच पुकारला. साध्या भोपळ्यासाठी माणसं हातघाईवर यायची. नेमका हाच आवाज देवाला काढून घ्यावासा वाटला. आमच्या नव्या पाळकसाहेबांचा घेतला असता तर उपासना तरी वेळेवर सुटली असती.

महिला मंडळाच्या श्रद्धाबाई भेटायला आल्या होत्या. केळी आणली, तीही कच्ची. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा घेतो, असं समजावू लागल्या. मी विचारलं की तुमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, तर तुमच्यावर त्याची काही नाराजी आहे का. अर्धा चहा टाकून गेल्या.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या: ओळ सरळ लिहायची, आणि तक्रार असेल तर थेट वरिष्ठांकडे करायची. मे महिन्यापासून वरिष्ठांकडे रोज तक्रार करते आहे. पोच नाही. आता हंगामाच्या सणापर्यंत वाट बघेन. तोवर उत्तर आलं नाही तर त्याच दिवशी पाळकांच्या हातात राजीनामा ठेवून चर्चमधून नाव काढून घेईन. मसुदा तयार आहे.

लोभ आहे तेवढा टिकव, वाढवायची घाई नाही.

तुझी ताई,
एस्तेर

&nbsp;

सावर्डे,
१२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र पोचलं. सूनबाईने वाचायला मागितलं, मी दिलं नाही. या घराण्यात एक बंडखोर पुरे आहे.

गो ताई, राजीनामा म्हणजे काय? पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईने देवाकडेही निवृत्तीचा अर्ज करायचा? आपल्या बाबांनी गावात वाळीत पडून, विहिरीचं पाणी बंद झालं तरी ख्रिस्ताचं नाव सोडलं नाही, आणि तू श्रद्धाबाईंच्या कच्च्या केळ्यांवरून सोडणार!

आता चिडू नकोस, पण एक सांगते. इथे हायवेजवळच्या मैदानात मांडव घालून प्रार्थनासभा झाल्या. प्रचारक बाहेरगावचे. आवाज असा की आमच्या कोंबड्यांनी अंडी घालायची थांबवली. पण एका आजोबांनी सगळ्यांसमोर काठी फेकून दिली आणि चालले. दुसऱ्या दिवशी ते काठी शोधत फिरत होते हे खरं आहे, तरी एक दिवस चालले ना? तिथलं प्रार्थना केलेलं तेल भावोजींसाठी घेतलंय. ओळखीच्या एस.टी. कंडक्टरकडे बाटली दिली आहे, स्टँडवरून उचल. रोज सकाळी त्यांच्या कपाळाला आणि ओठांना लाव. विश्वासाने लाव. पार्सल तपासायला घेतल्यासारखं लावू नकोस.

भावोजींना सलाम. माझ्यावरचा राग उतरला की लोभ करावा.

तुझी,
रूथ

&nbsp;

रत्नागिरी,
२३ सप्टेंबर २०२४

चि. रूथ हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तेल मिळालं आणि गुणही आला. यांच्या चाकाच्या खुर्चीचं डावं चाक पावसात गंजून इतकं कुरकुरत होतं की शेजारच्या रेणुकाताईंना आम्ही केव्हा कुठे निघालो ते घरबसल्या कळायचं. दोन थेंब घातले, कुरकुर बंद. त्या प्रचारकांना साक्ष हवी असेल तर खुर्ची पाठवते.

बाटलीबरोबरचा छापील कागद तू वाचला होतास का? गुण आला नाही तर त्या घरात विश्वास उणा आहे असं समजावं, म्हणे! म्हणजे माणूस बरा झाला तर श्रेय तेलाचं, नाही झाला तर दोष बायकोचा. अशी सोय आमच्या पोस्टातसुद्धा नव्हती, आणि आम्ही काही कमी नव्हतो.

विश्वास उणा! रविवार उजाडला की हा माणूस डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवतो. तपकिरी कोट पाहिजे असतो. मी चढवते, बटणं लावते, खुर्ची ढकलत चढण चढते. गीत सुरू झालं की यांची हनुवटी ठेक्यात हलते, आवाज नाही. हे बघत मला बाकावर बसून राहावं लागतं. मी तिथे हमाल म्हणून जाते, एवढं ध्यानात ठेव. प्रार्थनेला डोळे मिटत नाही. वर बघते, कुणी खाली बघतंय का ते तपासायला.

तेल पुन्हा पाठवू नकोस. खोबऱ्याचं असेल तर पाठव.

लोभाचं तुझं तू ठरव.

एस्तेर

&nbsp;

सावर्डे,
४ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सलाम वि. वि.

खुर्चीचं वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रुसले होते. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना एकटीच हसत सुटले. सूनबाईने मला मुकाट्याने सावलीत बसवलं.

तो कागद मी वाचला नव्हता गो. आता वाचला आणि वाईट वाटलं. आमचे हे गेले तेव्हा मीही मागायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. मग माझाच विश्वास कमी पडला का, हा विचार रात्रंदिवस आत कुरतडत होता, म्हणूनच कदाचित त्या मांडवात गेले. तुला हे कधी बोलले नाही, कारण तू लगेच कुणाला तरी पत्र लिहिलं असतंस.

पण एक बघ. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. माझी चौकशी एका ओळीची नाही, देव मात्र पानोपानी. ज्याच्याशी संबंध तोडायचे त्याच्याविषयी माणूस इतकं लिहीत नाही. आमच्या शेजारच्या गंगाकाकूंनी जावेशी संबंध तोडले. त्या तिचं नावसुद्धा काढत नाहीत. तोडणं म्हणतात ते त्याला. तुझं हे नुसतं भांडण आहे. भांड पोटभर. भांडताना तुझा नवरा अजून जवळ बसलेला आहे, हेही मधूनमधून बघत जा.

सणाला काय देणार? भातकापणी चालू असेल, मला येता येणार नाही.

लोभ आहे, खुर्चीसकट.

तुझी,
रूथ

&nbsp;

रत्नागिरी,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. रूथ हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या सगळ्यांची चौकशी करते. केली. आता पुढे वाच.

तुझ्या नवऱ्याच्या वेळी तू मला बोलली नाहीस, याचा राग वेगळा ठेवला आहे. भेटशील तेव्हा देईन.

काय देणार म्हणून विचारतेस! अंगणात दरवर्षी भेंडी, पडवळ, काकडी सगळं हे लावायचे. यंदा बिया मी टाकल्या. भेंडीला कीड लागली, काकडी कुजली, पडवळाने तोंड दाखवलं नाही. मांडवावर चढला तो एकच वेल, कारल्याचा! आणि असा माजला आहे की खिडकीतून आत येऊ बघतो. मी म्हटलं, वा. देवाने मला यंदा जे दिलं तेच त्याला परत देते. लोक नारळ देतील, तांदूळ देतील, श्रद्धाबाई केक देऊन वर त्याची कृती सांगतील. मी कारली देणार, लाल फीत बांधून. वर पाटी लावायचाही विचार होता, पण त्याला पाटीशिवायही कळतं असं गृहीत धरते.

त्यानंतर राजीनामा.

यांना हे सगळं सांगितलं. यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. संमती समजले.

तुझी,
एस्तेर

&nbsp;

सावर्डे,
३० ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सलाम वि. वि.

कापणीच्या गडबडीत दोनच ओळी. कारली खुशाल दे. पण निवडून दे, ताजी, कोवळी, एकही किडकं नको. त्याला कडू द्यायचंच आहे तर उत्तमातलं कडू दे. आपल्या आईने हेच सांगितलं असतं.

राजीनामा देण्याआधी एकदा भावोजींना वाचून दाखव. तुझ्या मसुद्यातल्या चुका तेच काढायचे.

लोभ वाढतच आहे, तू काहीही कर.

रूथ

&nbsp;

रत्नागिरी,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. रूथ हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बसून वाच. चुलीवर काही असेल तर उतरव.

रविवारी सण झाला. कारली तू सांगितलीस तशी निवडून नेली. पर्समध्ये राजीनामा. यांना कोट घालून पहिल्या बाकाशेजारी खुर्ची लावली. उपासना झाली आणि अंगणात लिलाव सुरू झाला. यंदा पुकारायला आमचे नवे विनीत पाळक स्वतः उभे राहिले. मुलगा गुणी आहे, पण लिलाव पुकारतो म्हणजे आजाऱ्याची विचारपूस करतो. अजून कोणी थोडं वाढवेल का, कोणाला अडचण नसेल तर, असं हसून हसून विचारत राहायचा; बोली तोडायची म्हणून नाही. एका नारळाला इतका वेळ लागला की त्याला कोंब फुटला असता. शेजारी यांची चुळबुळ चाललेली. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर ताशासारखी वाजत होती.

मग माझी कारली निघाली. घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला देता येते, ही आपली जुनी रीत तुला माहीतच आहे. श्रद्धाबाईंनी दया म्हणून घेतली आणि लगेच परत दिली. दुसऱ्याने घेतली, परत दिली. तिसऱ्यानेही तेच. लाल फितीची कारली अख्ख्या मंडळीतून फिरली, एकाच्याही पिशवीत राहिना, आणि लोक हसायला लागले. पाळक आपले प्रेमाने विचारतायत, अजून कोणी, अजून कोणी. माझं डोकं फिरलं. हा तमाशा बंद करा, असं ठणकावून सांगायला मी उठले आणि निषेध म्हणून हात वर केला.

तोंड उघडणार एवढ्यात खुर्चीच्या दांड्यावर धाडकन हात आपटला आणि आवाज आला, एक वार, दोन वार, तीन वार!

रूथ, तोच आवाज. बर्फाच्या कारखान्यातला. थोडा घसरलेला, पण तोच.

सगळं अंगण खुर्चीकडे वळलं. मी वर्गात सिस्टरांनी उभं केल्यासारखी हात वर करून उभी. आणि यांचं बोट माझ्याकडे! बोली तुटली होती. निषेधाची कारली मलाच लागली होती. आपलं दान आपण घ्यायचं नाही हा नियम यांनीच केलेला आहे, हे मी सांगायला गेले तर यांनी पुन्हा दांडा आपटून पुन्हा तीन वार म्हटलं. मग जे काही उसळलं त्याचं वर्णन करत नाही. श्रद्धाबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मी पडू दिलं, यावरून काय ते समज. हे अर्ध्या तोंडाने पूर्ण हसत होते.

आता तू लगेच त्या मांडवात साक्ष द्यायला धावू नकोस. डॉक्टरांकडे जाऊन आलो. वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द कधी कधी असे आपोआप सुटतात, त्यावरून बाकीचे येतीलच असं नाही, असं ते म्हणाले. सोमवारी सकाळी पाणी हवं होतं तेव्हा यांनी पेल्याकडे बोटच दाखवलं. माझं नाव अजून नाही. आहेत ते एवढेच शब्द.

याला मी पोच मानू का? पोस्टाच्या नियमाने नाही. मी वाचा मागितली होती, मिळाली कारली. पण ती त्याच आवाजात माझ्या ओटीत पडली, आणि मागे घेतो असं काही कुणी म्हटलेलं नाही.

कारल्यांच्या काचऱ्या केल्या. मीठ लावून निथळायला कागद हवा होता, पर्समधला राजीनामा बरोबर त्या मापाचा निघाला. ज्या माणसाने आयुष्यभर माझ्या कारल्यांना नावं ठेवली, त्याने दोनदा मागून खाल्ली. मला वाटतं मला चिडवायला खाल्ली.

आणि काल दिवेलागणीच्या प्रार्थनेला मी बऱ्याच महिन्यांनी डोळे मिटले. मुद्दे पुष्कळ होते: यांचा हात, यांचा पाय, माझे गुडघे, तुझं ते इतकी वर्षं न बोललेलं दुःख, आणि काय चालवलंय ते एकदा साफ सांग, असं मी देवाला सुनावत होते. अजून निम्मं बाकी होतं. तेवढ्यात शेजारून दांडा वाजला आणि यांनी तीन वार म्हणून टाकलं. काय करणार? बोली तुटल्यावर वाढवता येत नाही. मी आमेन म्हटलं.

भात घरात आलं की ये. लोभ असू दे. माझ्याकडून तो आता परत घेता येणार नाही.

तुझी ताई,
एस्तेर

ता. क. येताना तेल आण. उजवं चाक कुरकुरायला लागलंय.