बागेतली हराळी

चि. सयाजीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी धडधाकट हाय. माझ्या सुदामचं हे बेट आपल्या बोरी गावाएवढंबी न्हाई, पण इथं नगरपालिका हाय आन् माझा ल्योक तिथं क्लार्क. भाजीसुदिक लाँचनं येती. नात हर्षाली माझ्याच मांडीवर वाढतीया.

परवा नगरपालिकेच्या बागेत गेले, तर सगळीकडं हराळी माजलेली! हाताला राहवंना. बोरीवरनं आणलेलं खुरपं घेतलं आन् दुपारपातूर निम्मी बाग मुळासकट साफ केली. मेथी टाकायचा इचार व्हता. तर ती म्हणं मुद्दाम लावलेली, लॉन म्हणत्यात तिला.

अध्यक्ष ओरडत आले, "कोण ही बाई?"

सुदाम त्यांच्या शेजारीच हुबा. म्हणाला, "आमच्याकडे कामाला आहे, साहेब. अडाणी आहे."

मी खुरपं पुसलं आन् घरी आले. संध्याकाळी म्हणतो, "आई, नोकरीचा प्रश्न होता गं."

म्हणलं, "जेव. कामवालीनं रांधलंय."

आपला कांदा काढला का? तुझा गुडघा कसा हाय?

सोमवारी मला न्यायला ये. मी गठुडं घेऊन लाँचच्या धक्क्यावर बसते. मामा म्हणून सुदामच्या दारात जाऊ नको. तुलाबी गडी म्हणून सांगंल.

वाट बघती,
तुझी आक्का