चांद्याचा कान आणि तुझी माया

प्रिय भाऊ,

सोमवार, ९ जून, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. महागावच्या अलीकडच्या नाक्यावर तुझा चांद्या गाडीतून उतरवला आणि चोरीचा बैल म्हणून कोंडवाड्यात नेला. तू जाऊन चार महिने झाले, पण पत्र लिहायला माझा हात धजला नाही. आज लिहितेय, कारण एका कागदावर सही करायची आहे आणि ती तुला विचारल्याशिवाय करवत नाही.

तुझा लाल्या मे महिन्यात पोट फुगून गेला. एकटा चांद्या ठेवून वहिनी करणार काय? तिच्या महागावच्या भावाचा एक बैल पेरणीच्या तोंडावर जोडीवाचून उभा होता. तिने चांद्या त्याला द्यायचं ठरवलं. विकला नाही हं, दिला.

वहिनी आणि मी गाडीसोबतच होतो. नाक्यावर शिपायाने चांद्याच्या गळ्यातल्या पिवळ्या सरकारी बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर टाकला. मोबाइलमध्ये निघाला लाल बैल, वाकड्या शिंगांचा. समोर उभा पांढराशुभ्र!

"बाई, हा बिल्ला याचा नाही."

"साहेब, हा चांद्याच हाये, आमच्या घरचा."

शिपायाने तुझ्या नावावरची सगळी जनावरं काढून पाहिली. "पांढरा तं मे महिन्यातच मेला, इथं लिवून हाये. मंग हा कोणाचा आणला?"

"मेला असता तं तुमच्या बुटावर पाय देऊन उभा राह्यला असता काय?"

वहिनीचं हे उत्तर ऐकून चार महिन्यांत पहिल्यांदा मला हसू आलं. पण बैल गेलाच.

मी बाभुळगावला गुरांच्या दवाखान्यात गेले ती भांडायलाच. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत, कोणत्या टेबलावर किती आवाज चढवायचा ते मला कळतं! तिथल्या पर्यवेक्षकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मॅडम, बिल्ला कानात असता तं ही भानगडच झाली नसती. पण भाऊंनी कान टोचूच देल्ले नाही. हात जोडले मले. म्हणे, गळ्यात बांधतो, कधी काढत नाही."

आणि तू काढलेस! पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघांच्या गळ्यातले जुने दोर सोडलेस, नाल्यावर धुतलंस, नवे गोंडे बांधलेस. कोणाचा बिल्ला कोणाच्या गळ्यात गेला हे पाहिलंससुद्धा नाहीस. तुला कशाला नंबर लागतो? अंधारात नुसत्या श्वासावरून ओळखायचास तू त्यांना. पण भाऊ, बाकीच्या जगाला लागतो ना रे! लाल्या मेला तेव्हा त्याच्या गळ्यात चांद्याचा नंबर होता. पर्यवेक्षकांनी नोंदीतला रंग न पाहता तोच 'मृत' म्हणून भरला.

तुझ्या लेकीचे, नंदाचे कान बाराव्या दिवशी टोचले, तेव्हा तू परसात जाऊन बसला होतास. पोर रडली, आईने पदराखाली घेतली, संपलं. बैलाचंही तेवढ्यावरच भागलं असतं की नाही, सांग!

आता दोनच दिवसांत चांद्याने चारा सोडलाय. वहिनीचा भाऊ दोन्ही वेळा कडबा घेऊन जातो, तर हा तोंड फिरवतो. बिल्ले मालकाने गळ्यात बांधले होते आणि ते बदलले गेले, एवढं घरच्यांनी लेखी दिलं तर नोंद दुरुस्त होईल आणि बैल सुटेल, असं पर्यवेक्षक म्हणतात.

वहिनी ऐकेना. "ताई, मेल्या माणसाच्या नावावर चूक कायले लिवता? जन्मभर कोणाच्या वावराच्या धुऱ्यावर पाय नाही देल्ला त्यायनं. माह्यं नाव लिवा. म्या बांधले म्हना बिल्ले."

मी तिच्यावर कडाडले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी एक गोष्ट आमच्या हाडात मुरवली होती : दुसऱ्याची चूक अंगावर घेणं हेसुद्धा खोटंच. वहिनी उठून चुलीकडे गेली. मग मला चहा करून दिला, बिनसाखरेचा. मुद्दाम की विसरून, मी विचारलं नाही. प्यायले.

तेव्हा अर्जात मी खरं तेच लिहिलंय : "माझ्या दिवंगत भावाने मायेपोटी कानात बिल्ला मारण्याचा नियम पाळला नाही." 'मायेपोटी' हा शब्द सरकारी अर्जात शोभत नाही, मला ठाऊक आहे. लोकांच्या अर्जांतले असले शब्द मी जन्मभर लाल शाईने खोडले. हा राहील.

वचन देते, भाऊ. चांद्या सुटला की त्याच्या कानात बिल्ला मारून घेईन. त्याचं डोकं मी स्वतः धरीन आणि नजर वळवणार नाही.

तुझी हरकत असेल तर शुक्रवार, १३ जून, सकाळी दहाच्या आत लेखी कळव. तोंडी निरोप, स्वप्नात येणं वगैरे चालणार नाही. उत्तर आलं नाही, तर तुझी संमती आहे असं समजून मी सही करीन.

तुझी,
सुमन